टेपेतली माणसं

"मग यातलं कुठलं धरायचं, मास्तर?"

ऑल्विनने चौथं रेकॉर्डिंग थांबवलं आणि लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवला.

इनास मास्तर पडवीत बसून सोनचाफ्याच्या कळ्या निवडत होते. टपोऱ्या परडीत, किडक्या जमिनीवर. चारही वेळा गाणं वाजत असताना त्यांचा हात थांबला नव्हता. आताही थांबला नाही.



"पुन्हा लाव," मास्तर म्हणाले.

"कितवं?"

"सगळी."

ऑल्विनने मनातल्या मनात घड्याळ बघितलं. सगळी म्हणजे वीस मिनिटं. पण विचारायला तोच आला होता, तेव्हा त्याने मुकाट्याने पहिल्यापासून सुरुवात केली.

वसईच्या पश्चिमेला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर साळोली हे गाव. केळीच्या बागा, पानवेली, गोड्या पाण्याची तळी आणि मधोमध पांढरं देऊळ. तिथले ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. या देवळात ईस्टरच्या सकाळी एक पुनरुत्थानाचं गीत म्हटलं जातं. कोणी रचलं ते कोणालाच ठाऊक नाही. आजोबा म्हणत होते, म्हणून नातवंडं म्हणतात.

ऑल्विन रुमाव याच गावचा. पण दहाव्या वर्षी बोर्डिंगात गेला, पुढे पुण्यात संगीत शिकला आणि मग तीन वर्षं युरोपात समूहगायनाचा अभ्यास करून आला. त्याचा कान असा तयार होता, की कुठल्याही देवळातलं जुनं रेकॉर्डिंग वाजायला लागलं की दोन ओळींत तो सांगे, हे साधारण कुठल्या सालचं, कुठल्या देशातलं, गाणारे किती. डोंगरातल्या मठांमधले साधू, रशियातले जमिनीतून आल्यासारखे खर्जातले आवाज, केरळातली सुरियानी गीतं, गोव्यातली उपवासकाळातली गीतं... शंभर वर्षांचं भक्तिगायन त्याने गोळा करून ठेवलं होतं. त्याचा त्याला अभिमान होता. आणि तो अभिमान त्याला लपवता येत नसे.

गेल्या वर्षी धर्मगुरू फादर जेकब यांनी देवळाचं गायनमंडळ त्याच्या हवाली केलं. या ईस्टरला देवळाला दोनशे वर्षं पुरी होत होती. स्वतः बिशप येणार होते.

त्याने गावात शोधाशोध करून त्या पुनरुत्थानगीताची चार रेकॉर्डिंग मिळवली. पहिलं एकोणीसशे सत्तावन्नचं, लॅटिनमध्ये, एका परदेशी फादरांनी मोठ्या चकत्यांच्या यंत्रावर घेतलेलं. दुसरं एकाहत्तरचं, उपासना लोकांच्या भाषेत करायची असं रोमला ठरल्यानंतरचं, मराठीत. तिसरं एकोणनव्वदची कॅसेट, मुंबईतल्या स्टुडिओत भरलेली, मागे कीबोर्ड आणि ढोलक. चौथं दहा वर्षांपूर्वीचं, कोणीतरी मोबाइलवर घेतलेलं.

चाल तीच. पण पहिलं इतकं संथ, की सात मिनिटं चालतं. दुसऱ्यात शेवटच्या ओळीआधी एक लांब विराम. तिसरं धावत सुटलेलं, साडेतीन मिनिटांत खलास. चौथं तर इतक्या वरच्या पट्टीत, की ऐकणाऱ्याच्या मानेच्या शिरा ताणाव्यात.

कुठलं धरायचं यावरून मंडळात दोन महिने धुमसत होतं. कॅसेटच्या वेळचे लोक म्हणत तिसरं. पोरीबाळी म्हणत चौथं. ऑल्विनला पहिल्याची गती हवी होती आणि दुसऱ्याचा विराम. तो विराम त्याला इतका आवडला होता, की त्याने तो सेकंद मोजून कागदावर उतरवला होता आणि मंडळाकडून चाळीस-चाळीस वेळा घोटून घेत होता.

अडतीस माणसांपैकी एकवीस उरली.

बाकीच्यांनी भांडण केलं नाही. तालमीला यायचं बंद केलं, एवढंच.

दुमिंग कोरिया नावाचा अठ्ठावन्न वर्षांचा गृहस्थ मात्र आपणहून गेला नव्हता. तो शेवटचा सूर सगळे थांबल्यावरही धरून ठेवायचा. ऑल्विनने त्याला सगळ्यांदेखत सांगितलं होतं, तुम्ही या वर्षी बाकावर बसून ऐका.

शेवटी फादर जेकबनी ऑल्विनला बोलावून सांगितलं, ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मी तालीम ऐकेन. जमलं नसेल तर ईस्टरला शहरातलं तयार गायनमंडळ बोलावू. दोनशे वर्षांत साळोलीच्या ईस्टरला बाहेरचा आवाज कधी लागला नव्हता. फादरांनाही ते बोलताना बरं वाटलं नसावं. उठता उठता ते म्हणाले, एकदा इनास मास्तरांना विचार. ते म्हणतील त्याला गावात कोणी नाही म्हणणार नाही.

मास्तरांनी चौतीस वर्षं हे मंडळ चालवलं होतं. आता चौऱ्याऐंशीचे होते. चाफ्याची वीस झाडं आणि एक म्हैस एवढाच त्यांचा व्याप.

म्हणून ऑल्विन आला होता. खरं सांगायचं तर विचारायला नव्हेच. मास्तर पहिल्यावर बोट ठेवतील याची त्याला खात्री होती. त्याला फक्त त्यांचा शब्द हवा होता, मंडळापुढे टाकायला.

चौथं गाणं दुसऱ्यांदा संपलं.

"गातंय कोण?" मास्तरांनी विचारलं.

ऑल्विन सावरून बसला. हे त्याचं क्षेत्र होतं. पहिल्यात सगळे पुरुष, सोळा किंवा सतरा, खर्ज जरा कच्चा. दुसऱ्यात बायका पहिल्यांदा आल्यात, मधला आवाज फार सुरेख. तिसऱ्यात...

"मी आवाज नाही विचारले."

"मग?"

"कोण, असं विचारलं."

 ते त्याला माहीत नव्हतं. माहीत असायला हवं, असंही कधी वाटलं नव्हतं.

"जा, विचारून ये," मास्तर म्हणाले आणि परडी उचलून आत गेले.

ऑल्विन चरफडत घरी आला. म्हाताऱ्याला काही सुचत नाही, म्हणून वेळ काढतोय, असं त्याने आईला सांगितलं.  दुसऱ्या दिवशी सकाळी तिने न विचारता एक नाव दिलं. पेद्रू नुनीस, तळ्यापलीकडचं घर.

पेद्रूआजोबा ब्याऐंशीचे. सत्तावन्न साली पंधरा वर्षांचे होते. ऑल्विनने त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले. म्हातारा ऐकत राहिला. मग एकेक बोट वर करून नावं सांगायला लागला. हा फ्रान्सिस. हा आमचा थोरला, बस्त्याव. हा इजिदोर, पुढे बोटीवर गेला आणि परत आला नाही. हा मी.

सतराच्या सतरा.

ऑल्विनने वहीत लिहून घेतलं. मग त्याने आपल्या मनातलं विचारलं. ही संथ लय त्या परदेशी फादरांनी शिकवली का? त्यांच्याकडच्या मठांत अशी पद्धत आहे.

पेद्रूआजोबांना हसू आलं. ते म्हणाले, फादर तर आमच्यावर ओरडायचे, लवकर आटपा म्हणून. पण त्या काळी गीत सुरू असताना जुवांव आजा पांढरा ध्वज घेऊन दारापासून वेदीपर्यंत चालत जायचे. नव्वदीचे होते. डोळ्यांनी दिसत नव्हतं. ध्वज कोणाला द्यायला तयार नव्हते.

"ते पोचायच्या आत गाणं संपलं असतं तर? आंधळा माणूस रिकाम्या देवळात चालल्यासारखा चालला असता. म्हणून आम्ही पुरवून पुरवून म्हणायचो."

ऑल्विनने लिहिता लिहिता पेन थांबवलं.

दुसऱ्या रेकॉर्डिंगसाठी त्याला कतरीनबाय सापडली. एकोणऐंशीची, लाल लुगड्यातली, अंगणात वाल सोलत बसलेली. लहानपणी तिला मंडळात जागा नव्हती, मुलींना घेत नसत. देवळाच्या खिडकीखाली उभी राहून तिने गीत पाठ केलं होतं. एकाहत्तरला बायकांना घेतलं तेव्हा ती पहिल्या रांगेत होती. ऑल्विन ज्याला सुरेख मधला आवाज म्हणत होता, तो हिचा.

विरामाची जागा आली तशी तिने हेडफोनवर दोन्ही हात दाबून धरले.

ऑल्विनने विचारलं, हा विराम कोणाची कल्पना? इनास मास्तरांची?

"कल्पना कसली, बाळा? तो मार्सेलीन."

मार्सेलीनला दमा होता. गळा सोन्याचा, पण शेवटच्या ओळीआधी त्याला धाप लागायची. तो दम घेईपर्यंत सगळे थांबायचे. कोणी ठरवलं नव्हतं. एकदा थांबलो, मग थांबतच गेलो. पंच्याहत्तरला तो वारला.

"मग पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी पण थांबलो."

ती परत वाल सोलायला लागली.  ऑल्विनच्या खिशात तो कागद होता, ज्यावर त्याने त्या विरामाचे सेकंद लिहिले होते. त्याने तो बाहेर काढला नाही.

एकोणनव्वदची धावती लय म्हणे कॅसेटची बाजू संपत आल्यामुळे. एसटीतून निवृत्त झालेला लॉरेन्स आल्मेडा सांगत होता, स्टुडिओवाला म्हणाला, शेवटचं कडवं गाळा. पण शेवटचं कडवं रोजामावशी एकटी म्हणणार होती. तिच्या घरून सगळे ऐकायला येऊन बाहेर बसले होते. मग कसं गाळणार? पळालो झालं.

आणि दहा वर्षांपूर्वीची ती वरची पट्टी? शर्मिन तेव्हा बारा वर्षांची होती, आता पोरगी नर्स आहे. सुरुवात तिने करायची होती. घाबरून भलत्याच उंचीवर केली. तिला खाली आणायचं म्हणजे ती चुकली हे देवळाला कळणार. सगळे तिच्यामागोमाग वर चढले. दोन दिवस घसे बसले होते म्हणे.

सतरा दिवस ऑल्विन गावातून, वाड्यावाड्यांमधून फिरत होता. वहीत त्र्याऐंशी नावं झाली. त्यातली एकतीस माणसं हयात. बहुतेकांनी रेकॉर्डिंग ऐकता ऐकता गीत म्हणून दाखवलं होतं. एकानेही ते रेकॉर्डिंगसारखं म्हटलं नव्हतं.

तो पुन्हा मास्तरांच्या पडवीत येऊन बसला. या वेळी लॅपटॉप आणला नव्हता. वही पुढे ठेवली.

मास्तरांनी चष्मा लावला आणि पानं उलटली. एखाद्या नावापाशी थांबायचे, पुढे जायचे. मार्सेलीनच्या नावावर त्यांनी अंगठा ठेवला, तो बराच वेळ उचलला नाही.

हे सगळं तुम्हाला आधीच ठाऊक होतं, ऑल्विन म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती.

मास्तरांनी वही मिटली.

"दुमिंग का थांबत नाही?"

ऑल्विनला प्रश्न अनपेक्षित होता. त्याच्या तोंडून निघून गेलं, "त्यांना मात्रा कळत नाहीत."

मास्तरांनी वही त्याच्याकडे सरकवली.

म्हशीने दाव्याला हिसका दिला. कुठेतरी विहिरीवरचा पंप सुरू झाला.

ऑल्विनला आपलंच उत्तर ऐकू आलं. त्र्याऐंशी माणसांच्या बाबतीत जे विचारत तो गावभर फिरला, ते या एका माणसाला त्याने विचारलंच नव्हतं. त्याने वही उचलली आणि उठला. 

दुमिंग कोरिया वाडीत पानवेलींना पाणी सोडत होता. ऑल्विनला बघून त्याने पायाने बांधाचं तोंड बुजवलं आणि बाहेर आला. रागाचं काही नव्हतं. बसायला केळीचं पान टाकलं. सूर का लांबतो, हे ऑल्विनला दोनदा विचारावं लागलं, कारण दुमिंगला पहिल्यांदा ऐकू गेलं नाही.

पंचवीस वर्षं दगडाच्या खाणीत यंत्रावर काम केलं होतं त्याने. दोन्ही कान त्यातच गेले. गाणं कधी संपतं ते त्याला ऐकू येत नसे. शेजारच्याचे ओठ मिटलेले दिसले की तो थांबायचा.

मग शेवटच्या शब्दाला का थांबत नाही, ऑल्विनने विचारलं. हळू, आणि ओठ दिसतील असं.

शेवटचा शब्द म्हणजे आलेलुया, देवाची स्तुती करा. उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत तो शब्द देवळात उच्चारतही नाहीत. ईस्टरला तो परत येतो.

दुमिंगने चिखलाचे हात एकमेकांवर पुसले.

"डोळे उघडे ठेवले तर कळतं कधी थांबायचं. पण तो शब्द म्हणताना माझे डोळे उघडे राहत नाहीत. मी काय करू?"

 ऑल्विनने क्षमा मागितली. तीही दोनदा मागावी लागली.

"मी आलो आणि पुन्हा लांबलो तर?" दुमिंगने विचारलं.

"लांबा."

त्या संध्याकाळपासून ऑल्विन मंडळ सोडून गेलेल्या बाकीच्या सोळा जणांच्या घरी गेला. कोणाला काय म्हणाला ते त्याने पुढेही कोणाला सांगितलं नाही. पण झावळ्यांच्या रविवारी फादर जेकब तालीम ऐकायला आले, तेव्हा बाकांवर अडतीस माणसं होती आणि त्यांच्या मागे, भिंतीला धरून, आणखी चौदा. पेद्रूआजोबांना नातवाने मोटारसायकलवरून आणलं होतं. कतरीनबाय चालत आली होती. एकतिसांतले ज्यांचे पाय चालत होते ते सगळे होते.

तालमीत त्याने त्यांना सूर-ताल फारसं सांगितलंच नाही. वहीतली नावं वाचून दाखवली. जुवांव आजांचं सांगितलं, मार्सेलीनचं सांगितलं. शर्मिनचं सांगायला लागला तेव्हा तीच ओढणीत तोंड लपवून हसायला लागली.

पोरींनी विचारलं, मग आता आपण कुठलं म्हणायचं?

कतरीनबायचा आवाज पोचेल त्या पट्टीत, ऑल्विन म्हणाला. आणि पेद्रूआजोबांचा दम पुरेल त्या गतीने.

शेवटचा शब्द तालमीत नुसता ओठ मिटून गुणगुणायचा, अशी रीत होती. तो तसाच गुणगुणला गेला. फादर जेकब उठून उभे राहिले, जरा वेळ दाराकडे तोंड करून थांबले, आणि जाता जाता म्हणाले, की शहरातल्या मंडळाला मी आजच नको म्हणून कळवतो.

ईस्टरची सकाळ उजाडली.

देऊळ भरून माणसं व्हरांड्यात, व्हरांडा भरून मांडवात. पांढरी फुलं, नवे कपडे, पोरांची रडारड. बिशप वेदीवर बसले होते. बावन्न माणसांचं गायनमंडळ डाव्या हाताला उभं होतं. इनास मास्तर पहिल्या बाकावर काठी धरून बसले होते. फादर जेकबनी कठड्यावर एक रेकॉर्डिंगचं यंत्र ठेवून दिलं होतं.

ऑल्विनने हात वर केला.

पहिली ओळ उठली. तालमीत एकसारखं वाटत होतं ते इथे चार बाजूंना पांगलं. पेद्रूआजोबांना भरून आलं आणि ते मराठी विसरून सरळ लॅटिनवर गेले. लॉरेन्सच्या रांगेचे पाय आपोआप ढोलकाचा ठेका धरायला लागले. युरोपातल्या गुरुजींनी हे ऐकलं असतं तर... ऑल्विनने तो विचार अर्धवट सोडला. त्याने हाताने कोणाला दाबलं नाही, कोणाला ओढलं नाही. नुसता वेग धरून राहिला. दुसऱ्या कडव्याला आवाज एकमेकांना सापडले. म्हातारे तरुणांवर टेकले. तरुण त्यांना घेऊन निघाले.

शेवटच्या ओळीआधी सगळे थांबले.

बावन्न माणसं. कोणी खूण केली नव्हती. त्या शांततेत कतरीनबायने डोळे पुसले.

मग तो शब्द आला.

चाळीस दिवस तोंडात धरून ठेवलेला शब्द. तो सुटला तसा छताच्या लाकडी तुळयांवरची कबुतरं उडाली. आलेलुया. लॅटिनमध्येही तोच, मराठीतही तोच. पेद्रूआजोबा आणि शर्मिन पहिल्यांदाच एकच शब्द म्हणत होते. ऑल्विनने मूठ मिटून शेवट केला. मंडळ थांबलं.

दुमिंग थांबला नाही.

डोळे मिटलेले, चेहरा वर, आणि तो जाड, खाणीतून निघाल्यासारखा एकटा आवाज अख्ख्या देवळात. कोणीतरी मागे वळून बघितलं. बिशपांनी मान उचलली. ऑल्विनचा हात अजून हवेत होता, मूठ मिटलेली.

ही मूठ दुमिंगला दिसत नव्हती. दिसावी असंही आता ऑल्विनला वाटत नव्हतं.

त्याची बोटं उघडली.

पहिली कतरीनबाय आत शिरली. मग शर्मिन. मग लॉरेन्सची रांग, मग बाकावरच्या बायका, मग व्हरांडा. दुमिंगचा दम संपला, त्याने श्वास घेतला आणि पुन्हा सुरू केलं, कारण त्याच्या लेखी सगळे गातच होते. आणि आता खरोखरच सगळे गात होते. मांडवातून आवाज आला. रस्त्यावरून आला. ज्यांनी जन्मात कधी मंडळात पाऊल टाकलं नव्हतं, ते बाप्ये टोप्या हातात घेऊन म्हणत होते. कोणी वर, कोणी खाली, कोणी आपल्या घरच्या बोलीच्या हेलात. शब्द फिरून फिरून येत राहिला. घंटा वाजवणाऱ्याला वाटलं, संपलं, म्हणून त्याने दोर ओढला, तर घंटाही त्यात मिसळली. बिशप उभे राहिले आणि म्हणायला लागले.

ऑल्विन मध्ये उभा होता. त्याचा हात केव्हा खाली आला ते त्याला कळलं नाही. कोण कुठल्या पट्टीत आहे ते त्याच्या तयार कानाला कळत होतं, आणि त्याने काही बिघडत नव्हतं. त्याचं तोंड उघडं होतं. बऱ्याच वेळाने त्याच्या लक्षात आलं, की तोही गातोय.

अकरा वेळा. फादर जेकबच्या यंत्रात पुढे त्याने मोजलं. पन्नास वर्षांनी कोणी तयार कानाचा माणूस ते ऐकेल आणि वहीत लिहील, या काळात शेवटचा शब्द अकरा वेळा म्हणायची पद्धत होती.

दुमिंगने डोळे उघडले तेव्हा सगळे ओठ एकदमच मिटले होते. त्याने आजूबाजूला बघितलं, आणि या वेळी आपण बरोबर थांबलो, या समाधानाने शेजाऱ्याकडे बघून मान हलवली.

मिस्साची उपासना संपल्यावर अंगणात एकच गर्दी उसळली. लोक ऑल्विनला मिठ्या मारत होते. बिशपांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. त्या गर्दीतून तो कसाबसा बाहेर पडला आणि देवळामागच्या तळ्याकडे गेला.

इनास मास्तर तिथल्या दगडी कठड्यावर एकटेच बसले होते. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, काठी गुडघ्यांत.

ऑल्विन त्यांच्याशेजारी बसला. 

त्याला पुष्कळ सांगायचं होतं. पण जे बाहेर आलं ते वेगळंच.

"मास्तर, माझा हात मध्येच खाली आला. एवढं शिकून आलो, आणि शेवटी नुसता उभा राहिलो. कोणाच्या लक्षात आलं नसेल."

"माझ्या आलं."

ऑल्विनने मान खाली घातली.

मास्तर काठीवर जोर देऊन उठले. दोन पावलं गेले, थांबले.

"तोवर मी नुसता ऐकत होतो," ते म्हणाले. "तुझा हात खाली आला, तेव्हा मी गायला लागलो."